हाडाला धरणारा लेप प्लास्टिकला धरेल का?

हाड मोडलेल्या माणसाला बघायला गेलं की घरचे सांगतात : सळई टाकली, पट्टी बसवून सहा स्क्रू मारले, खुब्याचा गोळा बदलला. मुदखेड-भोकर-उमरीकडचा पेशंट नांदेडला जातो. दुखणं फारच अवघड असलं तर मुदखेड जंक्शनवरून गाडीत बसून हैदराबाद गाठतो, आणि परत येतो तो अंगात लोखंड घेऊनच, अशी सगळ्यांची समजूत. ते साधं लोखंड नसतं. टायटॅनियम, स्टेनलेस स्टील नाहीतर कोबाल्ट-क्रोमचा मिश्रधातू असतो. पण अंगात प्लास्टिक घेऊन फिरणारेही आता पुष्कळ आहेत. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण बऱ्याचदा खुद्द पेशंटलाच त्याचा पत्ता नसतो.

बदललेल्या गुडघ्यात दोन धातूंच्या मध्ये जी गादी असते ती पॉलिथिलीनची, फार लांबलचक रेणूंच्या एका खास जातीची. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये कृत्रिम खुब्यासाठी ती वापरायला सुरुवात केली. मणक्यांमधली चकती झिजून गेली की तिथे जी छोटी पोकळ चौकट ठोकून बसवतात, जिला डॉक्टर ‘केज’ म्हणतात, ती अनेकदा पॉलिइथर-इथर-कीटोन नावाच्या पॉलिमरची असते. या लांबलचक नावाचं इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीक’ झालंय. शेतातल्या पिकाशी त्याचा काही संबंध नाही. अपघातात कवटीचा तुकडा गेला तर त्या जागी बसवायची टोपीही याच पदार्थाची करतात.

धातू सोडून प्लास्टिककडे वळायला कारणं आहेत. एक्स-रेमध्ये धातू पांढराफटक दिसतो आणि त्याच्या आडचं हाड झाकून टाकतो. ‘पीक’मधून एक्स-रे आरपार जातो, त्यामुळे दोन मणके एकमेकांना जुळले की नाही ते डॉक्टरला दिसतं. एमआरआयमध्येही ते चित्र बिघडवत नाही. त्याहून मोठं कारण ताठरपणाचं. हाडाच्या बाहेरच्या टणक भागाचा ताठरपणा १५ ते २० गिगापास्कल धरतात. टायटॅनियमचा ११०च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा २००च्या पुढे. इतका ताठ सोबती मिळाला की अंगावरचा भार तोच उचलतो आणि शेजारचं हाड रिकामं बसतं. रिकामं बसलेलं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. ‘पीक’चा ताठरपणा ३ ते ४ गिगापास्कल, म्हणजे हाडापेक्षाही कमी. त्यामुळे हाडाला आपलं काम करत राहावं लागतं.

दोष एकच, पण मोठा. या प्लास्टिकशी हाडाचं काही देणंघेणं नसतं. शरीर त्याला विरोध करत नाही आणि जवळही करत नाही. त्याच्याभोवती तंतुमय पेशीजालाचं पातळ आवरण विणून त्याला वेगळं पाडतं. आवरण आलं की इम्प्लांट आणि हाड यांच्यात किंचित हालचाल सुरू होते. अशा हालचालीतून ते ढिलं होऊ शकतं, आणि ढिलं झालं तर पुन्हा ऑपरेशन.

म्हणून प्लास्टिकवर असा लेप द्यायचा की ज्याला हाड आपलं म्हणेल.

हाडाच्या वजनात जवळपास दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो, आणि ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअपाटाइटचंच भेसळयुक्त रूप. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल. कॅल्शियमचे दहा अणू तर फॉस्फरसचे सहा, म्हणजे प्रमाण १.६७. भेसळयुक्त अशासाठी म्हटलं, की शरीर त्यात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम असं काय काय मिसळतं. हे खनिज दगडासारखं निपचित पडून राहत नाही, त्याची सतत देवघेव चालू असते. नांदेड जिल्ह्यात ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे तिथल्या लोकांनी या देवघेवीची वाईट बाजू भोगली आहे : पाण्यातलं फ्लोराइड हायड्रॉक्सिलची जागा बळकावतं, खनिजाची घडण बदलते आणि दातांवर डाग, हाडांत कडकपणा येतो. लेपाचं शास्त्र या देवघेवीच्या चांगल्या बाजूवर उभं आहे. लेपातलं थोडं कॅल्शियम-फॉस्फेट भोवतालच्या द्रवात विरघळतं, पुन्हा त्याच पृष्ठभागावर हाडासारख्या रूपात जमतं, आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्यावर बैठक मारतात.

हाडाला चिकटणारा कृत्रिम पदार्थ असू शकतो हे पहिल्यांदा दाखवलं ते एका काचेने. १९६७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनाममधून परतलेला अमेरिकी लष्करातला कर्नल. त्याने विचारलं की शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्हा लोकांना करता येत नाही का. हेंच यांनी सिलिका ४५ टक्के, सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी साडेचोवीस आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के अशी काच बनवली. १९६९ मध्ये तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले, आणि सहा आठवड्यांनी काढायला गेलं तर निघेनात. हाडाशी रासायनिक जोड धरणारा हा पहिला मानवनिर्मित पदार्थ. पुढे हायड्रॉक्सिअपाटाइटचा लेप दिलेला धातूचा खुबा १९८५ मध्ये लंडनला रोनाल्ड फर्लाँग यांनी रुग्णात बसवला, आणि लेपांचा जमाना सुरू झाला.

हे खनिज प्रयोगशाळेत तयार करता येतं, आणि त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ मुदखेडपासून तासाभराच्या वाटेवर, लातूर रस्त्याला विष्णुपुरीत आहे. तिथल्या भौतिकशास्त्र संकुलातले आर. एस. खैरनार, एम. पी. महाबोले आणि त्यांचे बाहेरचे सहकारी यांचा हायड्रॉक्सिअपाटाइटवरचा शोधनिबंध २००५ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये आला. त्यांनी एकच खनिज तीन वाटांनी केलं : साध्या रासायनिक द्रावणातून, मायक्रोवेव्हच्या माऱ्याने, आणि बंद भांड्यात पाण्याच्या दाबाखाली. स्फटिक निघाले ३१ ते ५४ नॅनोमीटरचे. द्रावणातून केलेल्या पुडीत कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६३ भरलं, मायक्रोवेव्हची पुडी कॅल्शियमने जड निघाली आणि दाबाखालची कॅल्शियममध्ये उणी. त्यांचा रोख इम्प्लांटकडे नव्हता. हे खनिज कार्बन मोनॉक्साइड वायू ओळखू शकतं का हे त्यांना पाहायचं होतं, आणि १२५ अंश सेल्सियसच्या आसपास ते ओळखतं असं दिसलं. हाडाच्या खनिजाकडून विषारी वायूची चाहूल घ्यायची ही कल्पना मला तरी भारी वाटते.

पण लेपाच्या दृष्टीने या निबंधातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे तीन पुड्यांमधला हा फरक. पुडीवर नाव एकच, ‘हायड्रॉक्सिअपाटाइट’, आणि आतला माल तीन प्रकारचा. कॅल्शियम जास्त झालेली पुडी तापवली की त्यातून चुना सुटण्याची भीती. चुना ओल धरतो, फुगतो आणि लेपाला आतून चिरा पाडतो. कॅल्शियम उणी असलेली पुडी तापवली की तिचा काही भाग ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतो, आणि ते शरीरात लवकर विरघळतं. म्हणून लेपाची तपासणी लेप देण्याच्या आधीच, पुडीपासून सुरू होते : क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकांची ओळख, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण, शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम किती ते. आणि लेप दिल्यावर हे सगळं पुन्हा, कारण लेप देताना पुडी जी आगीतून जाते ती तिला तशीच्या तशी बाहेर सोडत नाही.

आगीचा मुद्दा आला की प्लास्टिकची अडचण सुरू होते. धातूवर हा लेप बहुधा प्लाझ्मा फवाऱ्याने देतात. त्या झोतात तापमान दहा हजार अंशांच्याही वर जातं. खनिजाचे कण क्षणभरात वितळतात, धातूवर आदळून पसरतात आणि थिजतात. टायटॅनियम ते सहन करतं. ‘पीक’ ३४३ अंशांना वितळतं आणि पॉलिथिलीन तर १३५च्या आसपासच. हायड्रॉक्सिअपाटाइटसारख्या सिरॅमिकला भट्टी लागते आणि प्लास्टिकला ती सोसत नाही, सगळं घोडं इथे अडतं. त्यात आणखी एक : गार होताना ‘पीक’ सिरॅमिकच्या तिपटी-चौपटीने आक्रसतं. म्हणजे लेप बसल्या क्षणापासूनच जोडावर ताण असतो, रुग्णाने पहिलं पाऊल टाकायच्या कितीतरी आधी.

यावर कारागिरी अनेकांनी केली. कुणी झोत झरझर फिरवून प्लास्टिक तापू न देता फवारतात. कुणी मध्ये टायटॅनियमचा थर देतात. कुणी लेपच नको म्हणून खनिजाची पूड ‘पीक’मध्ये मळूनच इम्प्लांट घडवतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या प्रोमिमिक या कंपनीने जेमतेम २० नॅनोमीटर जाडीचा थर द्यायची रीत काढली. आपल्या केसाच्या जाडीचा तो चार हजारावा हिस्सा. प्रत्येक रीतीचे गोडवे गाणारे आहेत. मला विचाराल तर गोडवे ऐकण्याआधी जोड कसा तपासला ते विचारावं.

जोड तपासायची रूढ चाचणी ऐकायला अगदी सोपी आहे. २५ मिलिमीटर व्यासाची चकती घ्यायची, तिच्या तोंडावर लेप द्यायचा, लेपावर तेवढीच दुसरी कोरी चकती चिकट-थराने जोडायची, आणि ताण-यंत्रात धरून दोन्ही चकत्या उलट दिशांना ओढायच्या. हायड्रॉक्सिअपाटाइटच्या लेपांसाठी असलेलं आयएसओ १३७७९ हे मानक किमान १५ मेगापास्कल मागतं. हिशेब करून पाहा : नाण्याएवढ्या त्या चकतीने साडेसात क्विंटल वजन पेललं पाहिजे.

आकडा आला की काम संपलं असं नाही, खरं काम तिथून पुढे. तुटलेल्या दोन्ही चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून तुटलं नेमकं कुठे ते बघावं लागतं. लेप प्लास्टिकपासून सुटून आला असेल तर जोड कच्चा. लेप स्वतःच मधून फाटला आणि दोन्ही चकत्यांवर राहिला, तर जोड लेपापेक्षा पक्का. चिकट-थरच सुटला असेल तर लेपाची ताकद कळलीच नाही, नुसती ‘याहून जास्त’ एवढं कळलं. फसगतही इथेच होते. लेप सच्छिद्र असला की चिकट द्रव्य भोकांतून पाझरून खाली प्लास्टिकपर्यंत पोहोचतं आणि स्वतःच दोघांना धरून ठेवतं; कागदावर आकडा झकास, आणि तो आकडा असतो डिंकाचा. प्लास्टिकच्या बाबतीत तर चिकट-थराचीच पंचाईत. धातूच्या चाचणीत वापरतात तो मजबूत थर १७५ अंशांच्या आसपास भट्टीत पक्का करतात, पॉलिथिलीनची चकती तिथे टिकणारच नाही. मग भट्टीशिवाय आळणारा कमी ताकदीचा चिकट पदार्थ घ्यावा लागतो. २० नॅनोमीटरच्या थराला तर ही चाचणी लावून फारसं काही हाती लागत नाही.

एकदाच ओढून पाहणंही पुरेसं नाही. माणूस रोज हजारो वेळा वाकतो, उठतो. मणक्यातल्या केजसाठीच्या अमेरिकी मानकात ५० लाख वेळा दाब देऊन बघतात. प्लास्टिक दर वेळी किंचित वाकतं, वरचं सिरॅमिक वाकायला तयार नसतं, आणि बारीक चिरा पडतात. शिवाय केज काही अलगद ठेवत नाहीत, हातोडीने ठोकून बसवतात. म्हणून हाडाइतक्या घनतेच्या फोमच्या ठोकळ्यात केज ठोकून, पुन्हा काढून, किती लेप खरवडला गेला ते मोजणं मला या साऱ्या चाचण्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतं. सुटलेला कण दोन हाडांमध्ये भटकत राहिला तर तो कामाचा तर नाहीच, उलट त्रासाचा. आणि हे सगळं निर्जंतुक केल्यानंतरच्या नमुन्यावर व्हायला हवं. वाफेने किंवा गॅमा किरणांनी इम्प्लांट निर्जंतुक करतात, त्यात लेपही बदलू शकतो आणि प्लास्टिकही.

दुसरी मोठी चाचणी रसायनाची. क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी रक्तातल्या पाण्याची नक्कल केली : सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, फॉस्फेट, सल्फेट, सगळे जवळपास रक्तात असतात त्या प्रमाणात, सामू ७.४० आणि तापमान ३६.५ अंश. यात पेशी नाहीत, प्रथिनं नाहीत. ते करायला फारसं महाग काही लागत नाही, पण हात पक्का लागतो. भांडं प्लास्टिकचं घ्यायचं, कारण काचेवरच्या ओरखड्यांवर खनिज जमायला लागतं. क्षार ठरलेल्या क्रमानेच टाकायचे, एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा नाही. कॅल्शियमची पाळी बरीच शेवटी. क्रम चुकला किंवा सामू वर सरकला की स्वच्छ पाणी गढूळ होतं आणि दिवसभराची मेहनत मोरीत ओतावी लागते. नमुन्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये जेवढं, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके मिलिलिटर पाणी. नमुना उभा किंवा पालथा ठेवायचा. उताणा ठेवला तर वरून पडलेला गाळ आणि पृष्ठभागावर उगवलेलं खनिज यांत फरक करता येत नाही. मग चार आठवड्यांपर्यंत थांबायचं. लेप खरोखर क्रियाशील असला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे उंचवटे पृष्ठभागभर उठलेले दिसतात.

हा फ्लॉवर दिसला की शोधनिबंधात ‘जैवक्रियाशील’ हा शब्द हमखास पडतो, आणि इथे जरा सावध राहावं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार प्राण्यांच्या हाडाला धरतो, पण या पाण्यात त्यावर खनिज उगवत नाही असं आढळलं. २००६ मध्ये कोकुबो आणि ताकादामा यांनी आपल्याच चाचणीचा हिशेब मांडला तेव्हा असे अपवाद नोंदवले. २००९ मध्ये मार्क बोनर आणि जॅक लमेत्र यांनी पुढे जाऊन, या पाण्यावरून हाडाशी जमणार की नाही हे ठरवता येतं का, असा थेट सवाल केला. माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं. ही चाळणी म्हणून उत्तम, निकाल म्हणून नाही. वीसपैकी कोणते तीन लेप पुढे न्यायचे ते ती सांगेल. रुग्णाच्या मणक्यात काय होईल ते सांगणार नाही.

त्यापुढची पायरी पेशींची. लेपाच्या अर्कात पेशी वाढवतात. नेहमीच्या तुलनेत ७० टक्क्यांहून कमी जगल्या तर तो पदार्थ विषारी धरतात. मग ससे, मेंढ्या, आणि शेवटी माणूस. हाडात काही काळ राहिलेला नमुना यंत्राने ढकलून बाहेर काढायला किती जोर लागतो तेही मोजतात; हेंच यांच्या उंदरांनी दिलेलं उत्तर आता न्यूटनमध्ये लिहितात. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. शरीरात कायम राहणारी इम्प्लांटं त्यात जास्त जोखमीच्या वर्गांत मोडतात.

एवढं करूनही शरीराचा शब्द शेवटचा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला, कारण घासून निघालेलं कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत होतं. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. तो लेपाचा किंवा प्लास्टिकचा दोष नव्हता. प्रयोगशाळेतून सुटलेला आणि रुग्णांच्या शरीरात उघड झालेला दोष होता. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा नंतर माग लागला नाही.

विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुडी करणारे, ताण देऊन तोडून बघणारे आणि हाडं जोडणारे असे तिघे एका गावात शेजारी असण्याचा योग फार ठिकाणी येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ते एका टेबलाशी बसले तर निदान लेपाची पहिली चाळणी नांदेडमध्येच लागेल.

तोवर एक काम ज्याने त्याने करावं. शरीरात इम्प्लांट बसवलं की त्याच्या खोक्यातली छोटी चिकटपट्टी, म्हणजे स्टिकर, पेशंटच्या फाईलला लावतात. त्यावर बनवणारी कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या फाईलमध्ये ते नसेल तर दवाखान्यातून मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. इम्प्लांटबद्दल तक्रार असेल तर ती नोंदवायला ६ जुलै २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ ही देशव्यापी व्यवस्था आहे, आणि तिथे लॉट क्रमांक विचारतात.